१.३६ पट : २०१८ च्या उन्हाळ्यात चीनने स्वतःला कसं मोजलं

ऑगस्ट २०१८ च्या सुरुवातीला बीजिंगच्या त्सिंगह्वा विद्यापीठाचे अध्यक्ष च्यू योंग यांच्या नावाने लिहिलेलं एक उघडं पत्र चीनच्या समाजमाध्यमांवर फिरू लागलं. खाली हजारावर माजी विद्यार्थ्यांच्या सह्या होत्या. मागणी एकच : प्राध्यापक हू आनगांग यांना पदावरून दूर करा. त्यांच्यावर ना पैशाच्या अफरातफरीचा आरोप होता, ना वाङ्मयचौर्याचा. आक्षेप होता तो त्यांनी केलेल्या मोजमापावर. देशाची ताकद मोजून ती अमेरिकेपेक्षा जास्त भरते, असं त्यांनी जाहीर केलं होतं आणि त्यांच्याच विद्यापीठातून शिकून गेलेल्या माणसांना ते सहन झालं नव्हतं.

मराठीत चीनबद्दल वाचताना ‘चीनला वाटतं’, ‘चीनचा डाव’ अशी वाक्यं इतकी अंगवळणी पडली आहेत, की त्या अवाढव्य देशात स्वतःच्याच प्रगतीवरून घरातल्या घरात कडाक्याचं भांडण होऊ शकतं, हे आपल्या ध्यानातच येत नाही. २०१८ मध्ये तसं भांडण झालं. ते मुळापासून पाहिलं, तर चिनी माणूस आपल्या देशाच्या वाढत्या वजनाकडे किती वेगवेगळ्या नजरांनी पाहतो ते कळतं.

आकडा कुठून आला

हू आनगांग यांना उथळ म्हणून बाजूला सारता येणार नाही. १९५३ चा जन्म. माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, म्हणजे १९६६ ते १९७६ च्या राजकीय उलथापालथीत, ईशान्येच्या हेलाँगज्यांग प्रांतात शेतावर राबलेल्या पिढीतले ते. १९९३ मध्ये त्यांनी वांग शाओग्वांग यांच्यासोबत चीनच्या ‘राज्यक्षमते’वर एक अहवाल लिहिला. आर्थिक सुधारणांच्या ओघात केंद्र सरकारची तिजोरी रिकामी होत चालली आहे, असंच चाललं तर देश एकसंध ठेवणं अवघड जाईल, हा त्याचा गाभा. पुढच्याच वर्षी चीनने करवाटपाची नवी पद्धत लागू केली आणि एकूण महसुलातला केंद्राचा वाटा २२ टक्क्यांवरून एका वर्षात ५६ टक्क्यांच्या आसपास गेला. त्या निर्णयामागे जी बौद्धिक तयारी झाली, तिच्यात या अहवालाचं नाव आजही घेतलं जातं. म्हणजे देशाची दुखणी आकड्यांत मांडून सरकारला जागं करणारा अभ्यासक, ही हूंची मूळ ओळख. पंचवीस वर्षांनी त्यांच्या नावावर टीका झाली ती नेमकी उलट कारणासाठी.

२०१७ मध्ये त्यांनी मांडलं, की चीनने आर्थिक ताकदीत, विज्ञान-तंत्रज्ञानात आणि एकूण राष्ट्रीय ताकदीत अमेरिकेला मागे टाकलं आहे. २०१६ सालासाठी त्यांनी दिलेले आकडे असे : आर्थिक ताकद अमेरिकेच्या १.१५ पट, विज्ञान-तंत्रज्ञान १.३१ पट आणि एकूण ताकद १.३६ पट.

यातला पहिला आकडा कुठून आला हे सहज तपासता येतं. बाजारातल्या विनिमय दराने चीनची अर्थव्यवस्था २०१७ मध्ये सुमारे १२ लाख कोटी डॉलरची होती आणि अमेरिकेची १९.५ लाख कोटींची. या हिशेबाने चीन पुढे असण्याचा प्रश्नच येत नाही. पण क्रयशक्तीच्या समतेने मोजलं, म्हणजे दोन्हीकडच्या किमतींतला फरक काढून टाकला, की २०१६ सालासाठी तेव्हा उपलब्ध असलेल्या आकडेवारीत चीन बरोबर १.१५ पटीच्या जवळ येतो. ही पद्धत खोटी नाही. शीआनच्या गल्लीत मिळणारी नूडल्सची वाटी न्यूयॉर्कपेक्षा कितीतरी स्वस्त असते, पण पोट तेवढंच भरते. लोकांचं राहणीमान पाहायचं तर अशीच तुलना करायला हवी. राष्ट्राच्या ताकदीचा विषय निघाला की मात्र हीच पट्टी फसवते. नेदरलँड्समधून चिप छापायचं यंत्र आणायचं, तर त्याचे पैसे बाजारभावानेच मोजावे लागतात. तिथे गल्लीतली स्वस्ताई कामाला येत नाही.

उरलेल्या दोन आकड्यांची रचना आणखी सैल होती. अशा निर्देशांकात प्रत्येक बाबीत देशाचा जगातला वाटा किती ते काढतात आणि त्या वाट्यांना भार देऊन बेरीज करतात. मनुष्यबळ म्हणजे काम करण्याच्या वयाची लोकसंख्या गुणिले शाळेत काढलेली सरासरी वर्षं. ज्ञान म्हणजे शोधनिबंध, पेटंट आणि तत्सम मोजता येणाऱ्या गोष्टी. २०१६ मध्ये जगभर ३१ लाखांवर पेटंट अर्ज दाखल झाले, त्यातले १३ लाखांवर एकट्या चीनच्या कार्यालयात. त्याच वर्षी वैज्ञानिक शोधनिबंधांच्या संख्येतही चीनने अमेरिकेला गाठून मागे टाकलं. हे आकडे खरे आहेत. पण त्या अर्जांमागे स्थानिक सरकारांची अनुदानं होती, विद्यापीठांतल्या बढत्या होत्या, कंपन्यांना मिळणाऱ्या सवलती होत्या. सगळ्या पेटंटांचं वजन सारखंच धरलं, की ज्याचे अर्ज जास्त तो आपोआप पुढे निघतो.

माझं मत स्पष्ट आहे : हूंची बेरीज चुकली नव्हती. काय मोजायचं, हे ठरवतानाच निकाल ठरून गेला होता.

अभिमानाची बाजू

मात्र या आकड्याला चीनमध्ये टाळ्या का पडल्या, हे समजून न घेता हूंवर तुटून पडणं सोपं आणि अन्यायाचं आहे. १९७८ मध्ये चीनचं दरडोई उत्पन्न दीडशे डॉलरच्या घरात होतं. २०१८ मध्ये ते दहा हजारांच्या उंबरठ्यावर आलं. पहिली खरी वेगवान रेल्वे बीजिंग ते त्यानजिन २००८ मध्ये धावली आणि दहाच वर्षांत तसं जाळं सुमारे २९ हजार किलोमीटरचं झालं. एकोणीसशे साठच्या सुमारास उपासमार भोगलेला माणूस याच आयुष्यात नातवंडांबरोबर त्या गाडीत बसला. त्याला ‘आपण जिंकलो’ असं वाटलं, तर त्यामागे कुणाचा प्रचार शोधायची गरज नाही.

प्यू संशोधन केंद्राने २०१६ मध्ये चीनमध्ये घेतलेल्या पाहणीत ७५ टक्के लोकांनी सांगितलं, की दहा वर्षांपूर्वीपेक्षा जगात आपल्या देशाची भूमिका मोठी झाली आहे. त्याच पाहणीतली दुसरी बाजू क्वचितच उद्धृत होते. चीनने आधी आपले प्रश्न सोडवावेत आणि इतर देशांनी आपापलं पाहावं, असं म्हणणारे ५६ टक्के होते. इतरांना मदत करावी म्हणणारे फक्त २२ टक्के. देश मोठा झाला याचा आनंद आणि त्या मोठेपणाचा खर्च माझ्या खिशातून नको ही काळजी, दोन्ही एकाच माणसाच्या मनात नांदत होती. मला ही जोडी फार खरी वाटते.

वरून येणारा सूरही चढा होता. ऑक्टोबर २०१७ च्या पक्ष अधिवेशनात शी जिनपिंग यांनी चीन जगाच्या रंगमंचाच्या मध्यभागी सरकत असल्याचं सांगितलं आणि शतकाच्या मध्यापर्यंतचे टप्पे आखून दिले. देंग शियाओपिंग यांच्या काळातला ‘ताकद झाकून ठेवा, योग्य वेळेची वाट पाहा’ हा सल्ला मागे पडला. मार्च २०१८ मध्ये सरकारी दूरचित्रवाणीचा एक माहितीपट चित्रपटगृहांत आला. पूल, दुर्बीण, रेल्वे, बंदरं अशा पराक्रमांचा तो आलेख होता. त्याने ४८ कोटी युआनच्या आसपास गल्ला जमवला. चिनी माहितीपटांत एवढी कमाई तोवर कुणाचीच नव्हती. वेगवान रेल्वे, मोबाइलवरून पैसे देणं, भाड्याच्या सायकली आणि ऑनलाइन खरेदी हे चीनचे ‘नवे चार महान शोध’ आहेत, असंही सर्रास बोललं जाई. या चारांपैकी एकाचाही मूळ शोध चीनमध्ये लागलेला नाही. चीनने ते जगात कुणी वापरले नव्हते इतक्या प्रमाणावर वापरून दाखवले, आणि तेच पुरेसं मोठं काम होतं.

शेन्झेनचा झटका

१६ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने झेडटीई या शेन्झेनच्या दूरसंचार कंपनीला सात वर्षं कोणताही अमेरिकी सुटा भाग किंवा सॉफ्टवेअर विकण्यास बंदी घातली. इराण आणि उत्तर कोरियाशी केलेल्या व्यवहारांवरून आधी झालेल्या तडजोडीच्या अटी कंपनीने पाळल्या नाहीत, हे कारण. झेडटीई काही लहान कंपनी नव्हती : पाऊण लाख कर्मचारी, पेटंटांच्या जागतिक यादीत वर्षानुवर्षं अग्रभागी. पण फोनमधली मुख्य चिप क्वालकॉमची, ऑप्टिकल भाग अमेरिकी, अँड्रॉइडचा परवाना गूगलचा. तीन आठवडे झाले आणि ९ मे रोजी कंपनीने हाँगकाँगच्या शेअर बाजाराला कळवलं, की आपले प्रमुख व्यवहार थांबले आहेत. तिची ऑनलाइन दुकानं बंद झाली. पेटंटच्या रकान्यात पहिल्या ओळीत असलेली कंपनी एका सरकारी आदेशाने जागच्या जागी थबकली.

जून महिन्यात तोडगा निघाला : एक अब्ज डॉलर दंड, आणखी ४० कोटी डॉलर तारण आणि संचालक मंडळ बदलायचं. जुलैच्या मध्यावर बंदी उठली. मधल्या दोन-तीन महिन्यांत चीनमधल्या सामान्य वाचकाला एक आकडा पाठ झाला. २०१७ मध्ये देशाने चिपच्या आयातीवर सुमारे २६० अब्ज डॉलर खर्च केले होते. खनिज तेलावरच्या खर्चापेक्षा कितीतरी जास्त. तो पराक्रमाचा माहितीपट एप्रिलमध्येच पडद्यावरून गुपचूप उतरवला गेला होता.

या प्रकरणात मला सर्वांत मोलाची वाटते ती एका वृत्तपत्राची कामगिरी. चीनच्या विज्ञान-तंत्रज्ञान मंत्रालयाचं दैनिक ‘सायन्स अँड टेक्नॉलॉजी डेली’. बंदीनंतर अवघ्या तीन दिवसांत, १९ एप्रिलला, त्यांनी एक लेखमाला सुरू केली : परदेशाने नळी आवळली तर आपला श्वास कोंडेल अशी तंत्रं कोणती. जुलैपर्यंत ३५ लेख आले. चिप छापायची यंत्रं, त्या छपाईला लागणारं प्रकाशसंवेदी रसायन, मोबाइल आणि संगणकाच्या कार्यप्रणाली, उच्च दर्जाचे कपॅसिटर, विमानाच्या लँडिंग गिअरचं पोलाद, बेअरिंगचं पोलाद. प्रत्येक लेखात एकच वस्तू घ्यायची, ती कोण बनवतं, आपण का बनवू शकत नाही, कुठे अडतं, हे सांगायचं. त्या यादीत शिरलं की ‘ताकद’ हा शब्द एकदम हातात धरता येईल असा होतो. जगात सर्वांत जास्त पोलाद ओतणाऱ्या देशाला बॉलपेनच्या टोकाचं पोलाद २०१७ पर्यंत बाहेरून आणावं लागत होतं. तैयुआनच्या कारखान्याला ते जमलं, तेव्हा देशभर मोठी बातमी झाली. टनांचे आकडे आणि टोकाची बारीक कारागिरी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे ज्याला कळलं त्याला १.३६ पटीचा अर्थ निराळा समजावून सांगायची गरज उरत नाही.

या दैनिकाचे मुख्य संपादक ल्यू यादोंग यांनी २१ जून रोजी बीजिंगमध्ये एक भाषण दिलं. विज्ञानात आपण अमेरिकेच्या बरेच मागे आहोत ही साधी समजुतीची गोष्ट आहे, असं ते म्हणाले. कधी ‘नवे चार शोध’, कधी ‘सर्वच बाबतीत पुढे गेलो’ असं बोलणाऱ्यांनी नेत्यांना फसवलं, जनतेला फसवलं आणि अखेर स्वतःलाही, असा त्यांचा आरोप होता. हे एका मंत्रालयाच्या मुखपत्राचा संपादक बोलत होता. परदेशात बसलेल्या टीकाकाराने हेच म्हटलं असतं, तर त्याला कुणी धूप घातली नसती.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात कम्युनिस्ट पक्षाचं मुखपत्र असलेल्या खुद्द ‘पीपल्स डेली’च्या संकेतस्थळाने सलग तीन टिपणं छापून फुशारकीच्या लेखनशैलीला झोडपलं. ‘अमेरिका घाबरली’, ‘जपानची बोबडी वळली’, ‘युरोपला पश्चात्ताप’ अशा मथळ्यांवर वाचक ओढणाऱ्यांना त्यात खडे बोल होते. ६ जुलैला अमेरिकेने ३४ अब्ज डॉलरच्या चिनी मालावर २५ टक्के कर लावला आणि व्यापारयुद्ध सुरू झालं. त्सिंगह्वाचं पत्र आलं ते या सगळ्याच्या पाठोपाठ.

पत्र काय म्हणत होतं

माजी विद्यार्थ्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : हू यांचं संशोधन वर सरकारच्या निर्णयांची दिशाभूल करतं, खाली जनतेचा गोंधळ उडवतं, दूरच्या देशांना सावध करतं आणि शेजाऱ्यांच्या मनात भीती घालतं. सह्या करणारे देशाभिमानी होते, हे इथे विसरायला नको. देश मोठा व्हावा असं त्यांनाही मनापासून वाटत होतं. त्यासाठीच तर आपण कुठे आहोत हे खरं कळलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. चीनमध्ये राष्ट्राभिमानी म्हणजे सरकारी आकड्यांवर मान डोलावणारा, हे समीकरण इथे मोडतं.

तरी पत्रातला एक मुद्दा मला पटत नाही. हूंच्या बढाईमुळे अमेरिका बिथरली, हा सूर त्या उन्हाळ्यात बऱ्याच जणांनी लावला होता. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाची चौकशी ऑगस्ट २०१७ मध्येच सुरू झाली होती आणि मार्च २०१८ च्या तिच्या अहवालाचा रोख होता तंत्रज्ञानाच्या सक्तीच्या हस्तांतरणावर आणि ‘मेड इन चायना २०२५’ या सरकारी योजनेवर. ती योजना मंत्रिमंडळाची. एखाद्या प्राध्यापकाची नव्हे. २०१९ च्या सरकारी कार्य अहवालातून तिचं नाव गाळलं गेलं, यावरून खरा बोचणारा काटा कुठे होता ते दिसतं. धोरण ठरवणाऱ्यांना प्रश्न विचारणं धोक्याचं होतं, म्हणून राग त्यातल्या त्यात सुरक्षित माणसावर निघाला, असं मला वाटतं.

दुसरा प्राध्यापक

सुरक्षित म्हणजे काय, याचा पुरावा त्याच विद्यापीठात आहे. पत्राच्या जेमतेम आठवडाभर आधी, २४ जुलैला, त्सिंगह्वाचेच कायद्याचे प्राध्यापक शू झांगरुन यांनी एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. देशात लोक पोटाला चिमटा काढत असताना बाहेर मदतीची खैरात कशासाठी, राष्ट्राध्यक्षपदाची मुदतमर्यादा का काढली, व्यक्तिपूजा का वाढू दिली, तियानआनमेन चौकातल्या १९८९ च्या घटनांचं पुनर्मूल्यांकन का होत नाही, असे सवाल त्यांनी केले. हूंच्या टीकाकारांनी आकड्याला हात घातला होता. शूंनी त्या आकड्यामागच्या सत्तेला.

परिणाम डोळ्यांसमोर आहेत. हू आनगांग यांच्यावर विद्यापीठाने जाहीर कारवाई केली नाही. ते लिहीत-बोलत राहिले. शू यांना मार्च २०१९ मध्ये निलंबित केलं गेलं. जुलै २०२० मध्ये पोलिसांनी त्यांना सहा दिवस ताब्यात ठेवलं आणि नंतर विद्यापीठाने त्यांना काढून टाकलं. देशाची ताकद जास्त सांगितल्याबद्दल बोलणी खावी लागतात. ताकद कुणाच्या हाती एकवटली असं विचारल्याबद्दल नोकरी जाते. हा फरक मला अस्वस्थ करतो.

मधली वाट धरणारेही होते. देंग शियाओपिंग यांचे चिरंजीव देंग पुफांग हे सांस्कृतिक क्रांतीच्या छळात कायमचे अपंग झालेले. सप्टेंबर २०१८ मध्ये अपंग महासंघाच्या बैठकीत त्यांनी सांगितलं, की डोकं थंड ठेवा, आपलं वजन ओळखा, फुगून जाऊ नका आणि स्वतःला कमीही लेखू नका. सभा अपंगांच्या प्रश्नांची होती. ऐकणाऱ्यांना मात्र बोल कुणाला लागतात ते कळलं.

पुढे काय झालं

मे २०२० मध्ये जागतिक बँकेने किमतींच्या तुलनेची नवी फेरी जाहीर केली. तिच्यानुसार २०१७ साली क्रयशक्तीने चीनची अर्थव्यवस्था १९.६२ लाख कोटी डॉलर आणि अमेरिकेची १९.५२ लाख कोटी, जवळपास बरोबरी. हूंच्या १.१५ पटीतली आघाडी भाव नव्याने मोजल्याबरोबर विरून गेली. २०२४ मध्ये आलेल्या पुढच्या फेरीत २०२१ सालासाठी चीन पुन्हा ठळकपणे पुढे निघाला. बाजारभावाने पाहिलं तर चित्र उलटं : २०२१ मध्ये चीनची अर्थव्यवस्था अमेरिकेच्या पाऊणपट झाली होती, ती २०२४ पर्यंत ६४ टक्क्यांवर घसरली. (२०१७ च्या त्याच फेरीत भारत जगाच्या ६.७ टक्के वाट्यासह तिसरा होता. आपल्याकडेही हा क्रमांक अभिमानाने सांगितला जातो, आणि त्यातही लोकसंख्येचाच भार मोठा आहे.)

पेटंटांच्या बाबतीत सरकारने टीकाकारांचं म्हणणं न बोलता मान्य केलं. जानेवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय बौद्धिक संपदा प्रशासनाने अर्जांसाठीची अनुदानं जून २०२१ अखेरपर्यंत थांबवण्याचे आणि २०२५ पर्यंत पेटंटावरची सर्व अनुदानं बंद करण्याचे आदेश दिले.

पैसाही ३५ लेखांच्या यादीच्या दिशेने वळला. चिप उद्योगासाठीच्या राष्ट्रीय निधीचा पहिला टप्पा २०१४ मध्ये सुमारे १३९ अब्ज युआनचा होता. मे २०२४ मध्ये तिसरा टप्पा ३४४ अब्ज युआनचा उभा राहिला. ऑगस्ट २०२३ मध्ये हुआवेने देशात बनलेल्या प्रगत चिपचा फोन बाजारात आणला, तेव्हा २०१८ पूर्वीचा जल्लोष पुन्हा ऐकू आला, आणि यावेळी त्यामागे दाखवायला एक वस्तू होती. ती चिप ज्या यंत्रांवर छापली गेली ती मात्र आधीच्या पिढीची, बाहेरून आणलेली. नेदरलँड्सची सर्वांत नवी यंत्रं निर्यात परवान्याअभावी चीनपर्यंत कधी पोहोचलेलीच नाहीत, आणि त्या लेखमालेत सगळ्यात आधी नाव होतं ते याच यंत्राचं.